बारभाईंचा कारभार आणि दोन थेंब



अनेकांनी मिळून हाती घेतलेल्या आणि कुणीच धड न केलेल्या कामाला आपल्याकडे ‘बारभाईंचा कारभार’ म्हणण्याची रीत आहे. इतिहासातल्या बारभाईंवर हा थोडा अन्यायच म्हटला पाहिजे. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर १७७४ साली जन्मलेल्या सवाई माधवरावांची गादी राखली ती याच मंडळींनी. त्यांच्यात हेवेदावे होते, पुढे फाटाफूटही झाली. परंतु जोवर सगळ्यांची नजर एका पाळण्यावर खिळलेली होती, तोवर कारभार चालला. आजच्या आमच्या विषयात नकळत हाच मुद्दा दडलेला आहे.

विषय असा : दिल्लीत एखादे राष्ट्रीय धोरण ठरते. ते पार पाडायला केंद्राचे एक खाते पुरत नाही. दुसरी खाती लागतात, राज्य सरकारे लागतात, जिल्हा परिषदा व नगरपालिका लागतात, शिवाय सरकारबाहेरच्या संस्थाही लागतात. या सर्वांनी एका दिशेने चालावे कसे? शासकीय परिपत्रकांत याचे उत्तर एका शब्दात दिलेले असते : समन्वय. ‘संबंधित विभागांशी समन्वय साधून उचित कार्यवाही करावी’ हे वाक्य ज्याने वाचले नाही असा कारकून विरळा. वाक्य लिहिणारा सुटतो, वाचणाराही सुटतो, आणि काम तेथेच राहते. म्हणून समन्वयाविषयी तात्त्विक विवेचन करण्यापेक्षा, ज्या एका कामात तो खरोखर घडला त्या कामाची हकिगत आपणांपुढे ठेवावी असे आम्ही ठरविले आहे. ते काम म्हणजे भारतातून पोलिओचे उच्चाटन.

१९८८ साली जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओ पृथ्वीवरून नाहीसा करण्याचा ठराव केला. आपल्या देशात १९९४ च्या २ ऑक्टोबरला दिल्ली राज्याने एकाच दिवशी सर्व बालकांना डोस देण्याचा प्रयोग केला, आणि ९ डिसेंबर १९९५ रोजी देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. सगळ्या मुलांना एकाच वेळी डोस देण्याच्या या पद्धतीची कल्पना वेल्लोरच्या डॉ. टी. जेकब जॉन यांनी आधीपासून मांडली होती. तिच्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. पोलिओचा विषाणू ज्यांच्या शरीरात शिरतो, त्यांतल्या साधारण दोनशेंपैकी एकालाच लुळेपणा येतो. बाकीचे खेळतात, बागडतात आणि विष्ठेवाटे विषाणू पसरवीत राहतात. म्हणजे एक मूल लुळे पडल्याचे आपल्याला दिसते, तेव्हा त्याच्यामागे न दिसणारी शेकडो मुले असतात. रोगी शोधून त्याच्याभोवती लस देण्याचा देवीच्या रोगाविरुद्धचा हमखास उपाय येथे चालत नाही; देवीचा फोड दिसतो, हा दिसत नाही. तेव्हा सगळ्या मुलांना एकदमच गाठायचे, म्हणजे विषाणूला राहायला आतडेच उरणार नाही.

ऐकायला हे सोपे आहे. परंतु ‘सगळी मुले’ म्हणजे किती? पाच वर्षांखालची सुमारे सतरा कोटी. त्यांना काही दिवसांत दोन थेंब पाजायला सुमारे चोवीस लाख माणसे लागत. आरोग्यखात्याजवळ इतकी माणसे नव्हती, आजही नाहीत. म्हणून अंगणवाडी सेविका आल्या. त्या महिला व बालविकास खात्याच्या. शिक्षक आले, ते शिक्षणखात्याचे. शाळांच्या ओट्यांवर बूथ लागले. लस थंड ठेवायला बर्फ हवा, बर्फाला वीज हवी. तेव्हा वीजखात्याला विचारणे आले. रेल्वेच्या फलाटांवर आणि एस.टी.च्या स्थानकांवर तुकड्या उभ्या राहिल्या, कारण मूल प्रवासात असले म्हणून विषाणू थांबत नाही. बाहेरच्यांपैकी रोटरीने १९८५ पासूनच या कामासाठी निधी उभारायला प्रारंभ केला होता. युनिसेफने घरोघरी समजूत घालणाऱ्या स्थानिक बायकांचे जाळे विणले. आणि १९९७ साली जागतिक आरोग्य संघटना व भारत सरकार यांनी मिळून राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प स्थापन केला. या शेवटच्या भागीदाराचे महत्त्व पुढे येईलच.

आता इतकी मंडळी एकत्र आली म्हणजे काम झालेच असे नाही. १९९८ साली देशात १,९३४ रुग्ण नोंदले गेले होते. मोहीम घरोघरी नेल्यानंतर ते २००० साली २६५ वर आले. सर्वांना वाटले, संपत आले. फेऱ्या कमी झाल्या, हात सैल पडले. २००२ साली रुग्ण झाले १,६००, आणि त्यांतले १,२४२ एकट्या उत्तर प्रदेशात! हा आकडा म्हणजे १,६०० पांगळी मुले, हे विसरून चालणार नाही. त्यांतली पुष्कळ आज पंचविशीच्या आसपास असतील, आणि कोणत्याही समारंभात त्यांना कुणी बोलावीत नाही.

चूक कुठे होती? खात्यांच्या कागदांवर तर नव्वद-पंचाण्णव टक्के मुलांना डोस मिळालेला दिसत होता. परंतु टक्केवारी काढणारा आणि डोस देणारा एकच. विद्यार्थ्याने स्वतःच पेपर तपासावा आणि स्वतःच निकाल लावावा, तशातली ती गोष्ट. येथे सर्वेक्षण प्रकल्पाचा उपयोग झाला. त्याचे सुमारे तीनशे वैद्यकीय अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांत होते. ते लस पाजत नसत. अचानक लुळे पडलेले मूल कुठे आढळले की चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने, विष्ठेचे दोन नमुने घ्यायचे आणि ते बर्फात घालून प्रयोगशाळेकडे पाठवायचे, हे त्यांच्या देखरेखीखाली चाले. मोहिमेनंतर घरे फिरून सुटलेली मुले मोजायची, हे दुसरे काम. ते जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या हाताखालचे नव्हते, म्हणून त्याला न आवडणारा आकडाही ते सांगू शकत. आणि त्यांना जिल्ह्यात हुकूम देण्याचा अधिकार नव्हता, म्हणून त्यांच्याशी सत्तेची भांडणे होण्याचे कारण नव्हते. करणारा एक आणि मोजणारा दुसरा, ही व्यवस्था आमच्या मते या साऱ्या हकिगतीतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. बाहेरच्या भागीदारांचा पैसा मदतीला आला हे खरे. परंतु पुढे पुढे खर्चाचा मोठा भाग भारत सरकारने स्वतःच उचलला. भागीदारांनी जे दिले आणि सरकारला स्वतःला देता आले नसते ते म्हणजे ही तिऱ्हाइताची नजर.

या नजरेचे रोजच्या कामात रूप कसे होते ते पाहण्यासारखे आहे. रविवारी बूथ, आणि पुढचे काही दिवस घरोघरी फेरी. प्रत्येक तुकडीजवळ हाताने काढलेला नकाशा : कोणत्या गल्लीतून सुरुवात, कोणत्या घरापाशी शेवट. मुलाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण. निघताना दारावर खडूने अक्षर काढायचे. घरातील सर्व मुलांना डोस मिळाला असेल तर ‘पी’. एखादे मूल झोपले आहे, मामाकडे गेले आहे, आईबाप नको म्हणतात, किंवा दाराला कुलूप आहे, तर ‘एक्स’. सायंकाळी तालुक्याच्या ठिकाणी बैठक. तिथे भाषणे नाहीत. कोणाच्या भागात किती ‘एक्स’ राहिले, त्यांतले कालचे किती आज ‘पी’ झाले, एवढीच विचारणा. आरोग्यखात्याचा डॉक्टर, बालविकास प्रकल्प अधिकारी, सर्वेक्षणाचा माणूस, युनिसेफची कार्यकर्ती, सगळे एकाच तक्त्यावर डोळे लावून बसत. अमक्या मोहल्ल्यात चाळीस घरे नकार देत आहेत, तिथे कोण जाणार? मौलवींना कोण ओळखतो? शाळेचे मुख्याध्यापक येतील काय? रेशन दुकानदाराचे शब्द तिथे चालतात काय? सकाळी ते माणूस घेऊन तुकडी पुन्हा त्याच दारी उभी.

वर जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली कृतिदल असे. हेही आवश्यक होते, कारण जिल्ह्यातला प्रत्येक अधिकारी आपापल्या सचिवाकडे पाहून चालतो. शेजारच्या टेबलाकडे पाहायला त्याला कुणी शिकविलेले नसते. जिल्हाधिकारी हाच एक असा माणूस, की ज्याच्या बोलावण्याला वीजखात्याचा अभियंता आणि शिक्षणाधिकारी दोघेही येतात. जिथे तो स्वतः बसे तिथे काम होई, आणि जिथे तो प्रतिनिधी पाठवी तिथे बाकीचेही प्रतिनिधीच पाठवीत. प्रतिनिधींच्या प्रतिनिधींची सभा आपण सर्वांनी पाहिलेली आहे; चहा मात्र वेळेवर येतो.

परंतु एवढे करूनही पश्चिम उत्तर प्रदेश आणि बिहार हटेनात. २००६ साली ६७६ रुग्ण, २००७ साली ८७४, २००९ साली ७४१. येथे दोन कोडी होती.

पहिले नकाराचे. मुरादाबादच्या आसपास अनेक कुटुंबे, विशेषतः मुसलमान वस्तीतली, दार लावून घेत. थेंबांनी मूल नपुंसक होते अशी अफवा होती. शहरातल्या सुशिक्षितांनी याला अज्ञान म्हणून हात झटकले. आम्ही तसे म्हणणार नाही. आणीबाणीच्या १९७५ ते १९७७ या काळात नसबंदीची जी जबरदस्ती झाली, तिची आठवण ज्या घरात आहे त्या घराने सरकारी माणसाच्या फुकट औषधाकडे संशयाने पाहिले, तर त्यात नवल कसले? आणि दुसरे एक विचारणे त्यांच्या तोंडी असे, त्याला उत्तर देणे अवघड होते : पोराला जुलाब झाले तेव्हा तुम्ही आला नाहीत, नळ मागितला तेव्हा आला नाहीत, रस्ता मागितला तेव्हा नाही, मग हे दोन थेंब घेऊनच दर महिन्याला का येता? यात तुमचे काय आहे? कित्येक गावांनी रस्त्यासाठी आणि विजेसाठी पोलिओच्या डोसावर बहिष्कार घातला. त्यांच्या हाती सरकारला अडविण्याचे दुसरे काही नव्हते. काही ठिकाणी अधिकाऱ्यांनी दमदाटीही केली, आणि ती लाजिरवाणी होती. खरा मार्ग हळू होता. अलीगढ विद्यापीठ, जामिया मिल्लिया इस्लामिया यांच्यासारख्या संस्थांनी शब्द टाकला. मशिदींतून पुकारा झाला. आणि त्याच गल्लीत राहणारी, त्याच आडनावाची बाई दारावर गेली. लहान मुलांच्या ‘बुलावा टोळ्या’ निघाल्या. जो उंबरा अनोळखी डॉक्टराला ओलांडता येत नाही तो शेजारणीला येतो, ही गोष्ट कुठल्याही वाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

दुसरे कोडे अधिक खोल होते. काही मुलांना सात-सात, आठ-आठ डोस मिळूनही पोलिओ झाला! २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की तेव्हाची त्रिगुणी लस टाइप एक विषाणूविरुद्ध दर डोसामागे उत्तर प्रदेशात सुमारे नऊच टक्के परिणाम करते. देशाच्या इतर भागांत एकवीस टक्के. दाट वस्ती, उघड्यावरची विष्ठा, सततचे जुलाब. अशा आतड्यात लस रुजत नाही. म्हणजे प्रश्न आरोग्यखात्याच्या हातातून निसटून पाणीपुरवठा, पंचायत आणि स्वच्छता यांच्या अंगणात गेला. प्रयोगशाळांनी आपले काम केले. २००५ पासून एकगुणी आणि जानेवारी २०१० पासून द्विगुणी लस आली, आणि तिचा परिणाम मोठा झाला. त्याचबरोबर २००९ साली सर्वांत अडेल असे १०७ विकासगट निवडले गेले, ६६ उत्तर प्रदेशातले आणि ४१ बिहारमधले. तिथे थेंबांच्या जोडीला जुलाबावर ओआरएस व झिंक, हात धुणे, अंगावरचे दूध, शौचालय आणि बाकीच्या नेहमीच्या लसी, असे सगळे एकत्र न्यायचे ठरले. कोसी नदीच्या खोऱ्यात, जिथे पुराने वाटच बदलते, तिथे ठाणी टाकून बर्फाच्या पेट्या नावेतून आणि डोक्यावरून नेल्या.

बदायूं जिल्ह्याची गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. हा जिल्हा पोलिओचे माहेरघर. तिथे कोरड्या संडासांची हाताने सफाई करण्याची, टोपली डोक्यावरून वाहण्याची अमानुष प्रथा चालूच होती. कायदा १९९३ चा असूनही. पोलिओचे कारण शोधता शोधता जिल्हा प्रशासन या टोपल्यांपाशी येऊन पोचले. मग ‘डलिया जलाओ’ अशी मोहीम निघाली. टोपल्या जाळल्या, कोरडे संडास मोडून पाण्याचे बांधले, आणि त्या कामातून मोकळ्या झालेल्या बायकांना दुसरा रोजगार देण्याची खटपट झाली. एक विषाणू मारायला निघालेल्या मंडळींना वाटेत जातिव्यवस्थेचे एक जुने पाप भेटले. समन्वय या निर्जीव शब्दाच्या पोटात इतके काही असू शकते. मात्र विषाणूची भीती नसती तर त्या टोपल्या आणखी किती वर्षे डोक्यावर राहिल्या असत्या, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

२०१० साली रुग्ण ४२ वर आले. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला लुळेपणा आला. रानटी विषाणूचा तो देशातला शेवटचा रुग्ण. २७ मार्च २०१४ रोजी दक्षिणपूर्व आशिया पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

आता या विजयाची किंमत. दर महिन्या-दोन महिन्यांनी मोहीम निघे, तेव्हा आरोग्यसेविकेचे नेहमीचे काम बाजूला पडे. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, एक ते दोन वर्षांच्या मुलांपैकी सर्व लसी पूर्ण झालेली मुले देशात ४३.५ टक्के होती, आणि जिथे पोलिओच्या फेऱ्यांवर फेऱ्या झडत होत्या त्या उत्तर प्रदेशात २३ टक्के. म्हणजे एकाच मुलाला पोलिओचे दहा डोस आणि गोवराचा एकही नाही, असे घडत होते. डिसेंबर २०१४ मध्ये मिशन इंद्रधनुष सुरू झाले ते अशाच सुटलेल्या मुलांसाठी. पहिल्या टप्प्यात २०१ जिल्हे घेतले. पोलिओच्या वेळचे नकाशे, वीटभट्ट्यांच्या आणि भटक्या वस्त्यांच्या याद्या तेव्हा उपयोगी पडल्या. आपल्याकडचे साखर कारखान्यांवरचे ऊसतोडणीचे अड्डे अशाच याद्यांमधून सरकारच्या नजरेस आले. गावच्या नोंदीत ते पोर नसते, कारखान्याच्या नोंदीतही नसते.

आणखी एक किंमत ज्यांनी दिली त्यांची नावे कुठेच नाहीत. अंगणवाडी सेविका कायद्याने नोकर नाही, ‘मानसेवी’ आहे. तिला प्रत्येक खाते आपली समजते, आणि पगाराचा प्रश्न निघाला की कोणतेच समजत नाही. पोषण तिचे, लस तिची, मतदारयादी तिची, जनगणनेतही तिला ओढतात. दिल्लीत सहा मंत्रालयांचा समन्वय झाला याचा गावातला अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की एका बाईच्या डोक्यावर सहा वह्या आल्या. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रव पाजले गेले. मुले वाचली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. निष्काळजीपणा होताच. पण त्या वर्षी करोनाच्या कामात गावपातळीवरची हीच मंडळी किती पिळवटून निघाली होती, याचा हिशेब कारवाईच्या कागदात कुणी मांडलेला आम्ही वाचला नाही.

पोलिओत जमले ते सगळीकडे जमेल काय? क्षयाचे पाहा. जगातले सुमारे एकचतुर्थांश क्षयरोगी आपल्या देशात. २०१८ साली सरकारने जाहीर केले, की २०२५ पर्यंत क्षय संपवू. २०१५ साली लाखामागे २३७ नवे रुग्ण असा अंदाज होता, तो २०२३ साली १९५ वर आला. उतार खरा आहे, जगाच्या सरासरीहून चांगलाही आहे; परंतु ठरविलेले उद्दिष्ट त्याने गाठले नाही. २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ म्हणून नागरिक, मंडळे, कारखाने रुग्णाला पोषणाचा डबा देऊ लागले, हे स्तुत्य आहे. पण क्षयाला दोन थेंब नाहीत. सहा महिने औषध, तेही अंगात ताकद असलेल्याला पचणारे. रुग्ण खाजगी डॉक्टरकडे जातो, तिथून नाव कळत नाही. घर कोंदट, काम धुळीचे. दारावर कोणता ‘पी’ आणि कोणता ‘एक्स’ काढणार? पोलिओच्या कामात दिवस संपला की उत्तर मिळे. क्षयात उत्तर यायला वर्ष लागते, आणि तोवर जिल्हाधिकाऱ्याची बदली झालेली असते. तेव्हा पोलिओचा गणवेश जसाच्या तसा क्षयाला घालण्याची घाई करू नये असे आम्हांस वाटते. मोजणारा वेगळा असावा, ही एक गोष्ट मात्र उसनी घ्यायला हरकत नाही.

शेवटी मुंबईविषयी. २००१ पासून मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने नियमाने गोळा होतात आणि परळच्या प्रयोगशाळेत पोलिओच्या विषाणूसाठी तपासले जातात. ज्या शहरात उत्तर प्रदेश-बिहारची गाडी रोज येते, तिथे गटार हे रुग्णापेक्षा लवकर बोलते. हे काम अद्याप थांबवून चालणार नाही, कारण पाकिस्तान व अफगाणिस्तानात रानटी विषाणू अजून आहे, आणि २०२४ साली मेघालयात लसीतूनच उद्भवलेल्या विषाणूचा एक रुग्ण निघाला. परदेशी निधी मात्र आटत चालला आहे. तीनशे सर्वेक्षण अधिकाऱ्यांचा तो सारा पसारा टप्प्याटप्प्याने आपल्या सरकारने आपल्या खर्चाने सांभाळायचा आहे. तसे झाले, की मोजणारा आणि करणारा पुन्हा एकाच छताखाली येणार. त्यांच्यामध्ये भिंत कशी ठेवायची, हे अजून कुठल्या परिपत्रकात आमच्या वाचनात आलेले नाही.